झेंडावंदनाच्या आधी हेज कापायचीय आणि आत घरटी आहेत, तुम्ही लोक काय करता?

माळीकाम_पुणे:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात १४ वर्षं सोसायट्यांच्या बागा सांभाळायचं काम करतो, सध्या ७ सोसायट्या आणि ३ बंगले आहेत, ५ पोरं कामाला आहेत. प्रश्न जरा लांबलचक आहे पण मनापासून विचारतोय, कारण दरवर्षी पावसाळ्यात हेच होतं आणि दरवर्षी मी कुठेतरी चुकतो.

एका मोठ्या सोसायटीत गेटपासून ध्वजस्तंभापर्यंत साधारण २०० फूट गोल्डन ड्युरांटाची (पिवळसर पानांच्या झुडपांची) हेज आहे. करारात लिहिलंय की दर १५ दिवसांनी कटिंग. जुलैमध्ये पाऊस असा लागला की दोन फेऱ्या चुकल्या, आता हेज दीड-दोन फूट वाढलीय, पार झिपऱ्या सुटल्यात, आणि सेक्रेटरी साहेबांचं म्हणणं आहे की १५ ऑगस्टच्या आत एकदम सरळ रेषेत पाहिजे, पाहुणे येणार आहेत. काल ३१ तारखेला मी मशीन लावायच्या आधी हाताने फांद्या बाजूला करून बघितलं तर बुलबुलची दोन घरटी सापडली, एकात तीन अंडी आणि एकात पिसं न फुटलेली दोन पिल्लं. शिवाय कोपऱ्यातल्या मोरपंखीत मुनिया पक्ष्यांचा गवताचा गोळा (घरटं) आहे, त्यात काय आहे ते दिसत नाही पण जोडी आतबाहेर करतेय.

बुलबुलची अंडी फुटायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढे पिल्लं उडायला अजून १२-१३ दिवस, म्हंजे पिल्लांचं काम होऊन जाईल पण अंड्यांचं १५ तारखेपर्यंत होईल की नाही सांगता येत नाही, अंडी कधी घातलीत तेच माहीत नाही.

मी हे आधी का बघितलं ते पण सांगतो. गेल्या वर्षी माझ्याच एका पोराने हेज ट्रिमर चालवताना घरटं कापलं. त्याला दिसलंच नाही, मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, नंतर पालापाचोळा उचलताना सापडलं. तो पोरगा त्या दिवशी जेवला नाही आणि मलाही अजून ते डोळ्यासमोरून जात नाही. चूक माझी होती, आधी बघून घ्या म्हणून मीच कधी सांगितलं नव्हतं.

पण दुसरी बाजू अशी की मी हे काम पोटासाठी करतो. ही एक सोसायटी गेली तर दोन पोरांचा पगार गेला. मी "घरटं आहे, थांबा" म्हटलं की समोरच्याला वाटतं माळी काम टाळतोय, आणि कमी पैशात सगळं सपाट करून देणारा माणूस दारात उभाच असतो.

अजून दोन गोष्टी याच सोसायटीतल्या. एक, तगरीवर मोठ्या हिरव्या अळ्या आल्यात, बोटाएवढ्या जाड, डोक्याजवळ निळे डोळ्यासारखे ठिपके. कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकला आणि लगेच औषधाचा पंप मारा, आजच मारा सुरू झालं. दोन, मागच्या कंपाउंडला मी पालापाचोळ्याचं खत करतो, त्या ढिगाजवळ मागच्या आठवड्यात घोणस निघाली. आता अर्धी सोसायटी म्हणते ढीग पूर्ण काढा. तिथे माझी पोरं हात घालून काम करतात त्यामुळे मला पण भीती आहे, ती भीती खोटी म्हणता येणार नाही.

तर जे लोक हे काम धंदा म्हणून करतात त्यांनी सांगा, तुम्ही हे कसं जुळवता? "निसर्ग वाचवा" हे मला माहीत आहे. करार पण टिकवून कसं करायचं ते सांगा.

—

बागेश्री_नाशिक:

दादा, मी नाशिकला लँडस्केपिंग करते, ९ वर्षं झाली. तुमचा ट्रिमरचा प्रसंग वाचून पोटात कालवलं कारण माझ्याकडेही असंच एकदा झालंय, शिंजीर पक्ष्याचं लोंबतं घरटं फांदीसकट कापलं गेलं होतं.

आता या १५ दिवसांपुरतं सांगते. पूर्ण हेज थांबवायची गरज नाही. जिथे घरटं आहे तिथे दोन्ही बाजूला चार-पाच फूट अजिबात हात लावायचा नाही, बाकी सगळी हेज कापून टाका, पण मशीन नको, हेज कात्रीने. २०० फुटांतले २० फूट राहिले तर ते राहू द्या. सोडलेल्या भागाची फक्त रस्त्याकडची बाजू, जी बाहेर लोंबतेय तेवढीच शेंडे खुडल्यासारखी कापा, म्हंजे लांबून बघितलं तर रेष सरळ वाटते. वरचं छप्पर मात्र उघडं पाडायचं नाही, घरटं वरून दिसलं की कावळा दुसऱ्या दिवशी हजर, आणि भारद्वाज पण अंडी-पिल्लं सोडत नाही. आणखी एक, घरट्याजवळ लाल चिंधी वगैरे खूण बांधू नका, मी पूर्वी बांधायचे आणि तीच बघून पोरं डोकवायला यायची. गेटपासून कितव्या खांबाजवळ आहे ते वहीत लिहून ठेवा, कामाच्या दिवशी पोरांना दाखवा.

घरटं आहे का हे बघायला आत हात घालत बसण्यापेक्षा सकाळी ७ च्या आसपास १०-१५ मिनिटं लांब उभं राहायचं. चोचीत किडा घेऊन पक्षी एकाच जागी आत शिरतोय म्हंजे तिथे पिल्लं आहेत. आम्ही जून ते सप्टेंबर प्रत्येक कटिंगच्या आधी हे करतोच, त्याचे १५ मिनिटं मी मजुरीत धरते.

तगरीवरच्या अळ्या, तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ओलिएंडर हॉकमॉथ म्हणजे त्या मोठ्या हिरव्या पतंगाच्या आहेत. कण्हेरीवर आणि तगरीवर जास्त येतात. चावत नाहीत, अंगावर केस नाहीत, खाज येत नाही. दोन-तीन आठवडे खातात, मग तपकिरी होऊन खाली उतरतात आणि पाचोळ्यात कोष करतात. तगर पावसाळ्यात परत फुटतेच, मी आजवर एकही तगर या अळ्यांमुळे मेलेली बघितली नाही. गेटसमोरच्या झाडांवरच्या संध्याकाळी फांदीसकट उचला आणि मागच्या तगरीवर नेऊन ठेवा. २० मिनिटांचं काम आहे, आणि ग्रुपवर तोच फोटो टाका की हलवल्या. लोकांना पंपच पाहिजे असतो असं नाही, काहीतरी केलं हे दिसलं पाहिजे. हां पण शेवग्यावर येतात त्या केसाळ अळ्या वेगळ्या, त्यांनी अंगावर गांध्या येतात, त्या लहान मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असतील तर मी ठेवत नाही, खोडावर घोळक्याने बसलेल्या असताना काढून टाकते. सगळंच वाचवायचं असा माझा हट्ट नाही.

गोगलगायींचं पण तसंच. ती मोठी आफ्रिकन गोगलगाय ही आपल्याकडची नाहीच, २०२२ ला मराठवाड्यात सोयाबीनची रोपं तिने कशी साफ केली ते सगळ्यांनी बघितलंय. रात्री ओलं गोणपाट टाकायचं, सकाळी खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात. विषारी गोळ्या मात्र टाकत नाही, कुत्री खातात आणि तडफडून मरतात, आणि भारद्वाज या गोगलगायी खातो त्याच्याही पोटात ते जातं.

आणि खरं सांगू का दादा, हे सगळं ऑगस्टमध्ये भांडून होत नाही, ते कोटेशनमध्येच लिहावं लागतं. माझ्या कोटेशनमध्ये आता सरळ ओळ असते: हेजचं जोरदार कटिंग वर्षातून एकदा, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, जून ते सप्टेंबर फक्त हलकं हाताने कटिंग, घरटं असलेला भाग पिल्लं उडेपर्यंत वगळून. पहिल्या वर्षी दोन क्लायंट गेले, खोटं बोलत नाही. जे राहिले ते मात्र दर वर्षी राहतात.

—

माजी_सेक्रेटरी_ठाणे:

मी ठाण्यात १२० फ्लॅटच्या सोसायटीचा ६ वर्षं सेक्रेटरी होतो म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगतो. तुमचे सेक्रेटरी साहेब पक्ष्यांचे वैरी आहेत असं समजू नका. त्यांना दिवसाला चार फोन येतात, गवत वाढलंय, डास झालेत, मुलांच्या खेळायच्या जागेत अळ्या आहेत, मेंटेनन्स कशाचा घेता. आणि डेंग्यूचे दोन पेशंट बिल्डिंगमध्ये निघाले की वाढलेलं प्रत्येक झुडूप लोकांना डासांचं घर वाटतं.

अशा वेळी माळ्याने तोंडी येऊन "घरटं आहे, नंतर करतो" म्हटलं तर मला कमिटीपुढे सांगायला काहीच उरत नाही. पण त्यानेच एक कागद दिला, की अमुक भाग अमुक तारखेपर्यंत सोडलाय, अमुक तारखेला करून देतो, बाकीचा पूर्ण झालाय आणि हे फोटो, तर मी तो कागद नोटीस बोर्डला लावतो आणि विषय मिटतो. आमच्या माळीदादांनी एकदा असंच केलं होतं, आमच्या मजल्यावरच्या आजी रोज नातीला घेऊन लांबून बुलबुल बघायला जायच्या आणि कटिंगची तारीख आली तेव्हा त्याच विचारायला आल्या की पिल्लं नक्की गेली ना.

झाडांच्या फांद्यांबद्दल एक सांगतो कारण तो विषय पण तुमच्याकडे येणारच. सगळ्या सोसायट्या मे महिन्यात छाटणी करतात, पावसाच्या आधी, आणि मे हा नेमका कावळ्यांच्या घरट्यांचा काळ, मोठ्या झाडांवर बगळे, वंचक बसायला लागतात. आम्ही एक वर्ष पक्ष्यांसाठी म्हणून छाटणी पुढे ढकलली आणि जूनच्या वादळात पर्जन्यवृक्षाची फांदी पार्किंगमधल्या गाडीवर आली, नशिबाने आत कोणी नव्हतं. त्यामुळे "छाटूच नका" हे उत्तर मला मान्य नाही. आम्ही त्यानंतर छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरला आणली. परवानगीचा अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात गणपतीनंतर लगेच टाकायचा म्हंजे वेळेत हातात येते, १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे परवानगीशिवाय फांदीला हात लावायचा नाही हे कमिटीलाही ठणकावून सांगा. त्या दिवसांत घारींची घरटी सुरू होतात आणि वाळक्या फांदीच्या ढोलीत पिंगळा किंवा तांबट पक्षी असू शकतो, तेवढं खालून बघून घ्यायचं. पूर्ण मोकळा महिना वर्षात एकही नाही पण मे पेक्षा हे पुष्कळ बरं पडतं.

सापाच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे, जिथे मुलं खेळतात त्या सोसायटीत पाचोळ्याचा ढीग नको. तो काढा.

—

सर्पमित्र_सातारा:

काकांच्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे, आदर ठेवून सांगतो. ढीग काढला म्हणून घोणस जात नाही, घोणस उंदरामागे येते. कंपाउंडला उंदीर-घुशींची बिळं आहेत का, कचऱ्याचे डबे उघडे आहेत का, खाली कोणी कुत्र्या-मांजरांचं उरलेलं अन्न टाकून ठेवतं का ते आधी बघा. मे-जून-जुलै हा घोणशीची पिल्लं जन्मायचा काळ, ती अंडी घालत नाही, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त जिवंत पिल्लं देते. म्हणून सध्या वीतभर लांबीची पिल्लं कुंड्यांच्या खाली, विटांच्या फटीत, रचलेल्या झावळ्यांत सापडतात आणि ती पण तेवढीच विषारी असतात हे पोरांना सांगा. लोक त्यांना अजगराचं पिल्लू समजून हातात घेतात.

पण मोकळा ढीग मला पण मान्य नाही, तिथे काकांशी मी सहमत आहे. पाचोळा जमिनीवर पसरून ठेवायचा नाही. विटांचा किंवा बारीक जाळीचा हौद करा, तीन-चार फूट उंच, भिंतीला न चिकटवता चारी बाजूंनी मोकळा, मुलांच्या जागेपासून लांब, आणि भोवती चार फूट गवत अगदी बारीक कापलेलं ठेवा, तिथे हिरवळीची हौस नको. आजूबाजूला फरशी, पाइप, कुंड्या रचून ठेवू नका. काम करताना गमबूट, जाड हातमोजे, आणि पहिला नियम, हात आधी जात नाही, आधी दाताळं जातं. दाताळ्याने ओढायचं, बघायचं, मग उचलायचं. मी जे दंश बघितलेत त्यात हाताच्या बोटांवरचे पुष्कळ होते आणि ते लोक गवत, चारा किंवा पाला उचलत होते.

दंश झालाच तर बांधाबांधी नाही, कापाकापी नाही, पाय किंवा हात न हलवता थेट सरकारी दवाखान्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं त्यामुळे साप पकडून सोबत न्यायची गरज नाही. जवळचं कुठलं हॉस्पिटल प्रतिविष ठेवतं ते आजच विचारून पोरांच्या मोबाइलमध्ये नंबर टाका. साप दिसला तर लांबून नजर ठेवायची आणि वन विभागाच्या १९२६ ला फोन करायचा.

आणि कृपा करून उंदरांसाठी विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, तो गव्हाणी घुबड उचलतं, धामण उचलते. धामण हीच तुमच्या बागेतली उंदरांची खरी बंदोबस्त करणारी, ती बिनविषारी आहे आणि नाग समजून पुष्कळदा तिलाच मारलं जातं. गोंदाचे पॅड पण नको, त्यावर मी सरडे, पाली आणि एकदा दयाळ पक्षी चिकटलेला सोडवलाय. पिंजरे लावा, बिळं बुजवा, थोडा वेळ लागतो पण होतं.

—

रीडिंगचा_माळी:

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली ११ वर्षं इंग्लंडमध्ये रीडिंगजवळ बागकामाचाच व्यवसाय करतो. इथे १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टमुळे वापरात असलेलं घरटं मोडणं गुन्हा आहे, त्यामुळे मार्च ते ऑगस्ट आम्ही हेजला हात लावायच्या आधी तपासतोच. शेतकऱ्यांना तर १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताच्या कुंपणाची हेज कापायला बंदीच आहे. क्लायंट इथेही चिडतात, "जूनमध्येच पार्टी आहे" म्हणतात. पण मी नियम सांगितला की राग माझ्यावर राहत नाही, तेवढी सोय आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका मात्र. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, घरटी विस्कटणं येतं. हे बहुतेक सोसायट्यांना माहीतच नसतं. पण दादा, पहिल्या वाक्यात कायदा काढू नका, सेक्रेटरीला धमकी वाटेल आणि तुमचं नातं बिघडेल. तो कागद जो ठाण्याच्या काकांनी सांगितला त्यात खाली एक ओळ टाका, बस.

पंपाबद्दल एक. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसात भिनतं आणि फुलातल्या मकरंदात उतरतं, मधमाश्यांसाठी म्हणून युरोपियन युनियनने ते २०१८ पासून उघड्यावर वापरायला बंद केलंय. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की आपल्याकडे पहिलं तेच मारतात. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग साबणाचं पाणी, मग नीम तेल, आणि जे काही मारायचं ते सूर्य मावळताना, माश्या घरी गेल्यावर.

—

माळीकाम_पुणे:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चार दिवसांनी परत येतोय कारण आधी करून बघायचं होतं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे हेज कात्रीने केली. मशीनने अर्ध्या दिवसात झालं असतं ते चार पोरांना दीड दिवस लागला, त्या जादा मजुरीचा भार या वेळी मी सोसला, पुढच्या कोटेशनमध्ये धरणार. तीन जागा मिळून २५ फूट सोडलेत. साहेबांकडे कागद घेऊन गेलो, आधी म्हणाले हे काय नवीन, मग फोटो बघितला आणि विचारलं की नक्की कधी होईल. मी २५ ऑगस्ट लिहून दिलंय, मुनियाच्या गोळ्याचं मात्र तारीख न घालता "रिकामा झाल्यावर" असं लिहिलं कारण आत दिसतच नाही. कायद्याची ओळ खाली बारीक अक्षरात टाकली, त्यावर ते काही बोलले नाहीत पण कागद बोर्डावर लागला.

अळ्या हलवल्या, ३१ भरल्या, माझ्या धाकट्या पोराने मोजल्या. एकीने जाताना जाताना रंग बदलायला सुरुवात केली होती तिला पाचोळ्यातच सोडली. पंप मारला नाही, दोन जण नाराज आहेत.

ढिगाचं सगळ्यात अवघड गेलं. काका तुमचं आणि सातारच्या दादांचं दोन्ही पटलं, त्यामुळे जुना ढीग दाताळ्याने थोडा थोडा ओढून काढला, आत काही निघालं नाही, आता हौदाला ९ हजार खर्च सांगितलाय आणि तो कमिटी देणार की नाही ते पुढच्या मीटिंगला ठरेल. नाही दिले तर खत त्या सोसायटीत बंद करावं लागेल, पाचोळा गाडीत भरून दुसरीकडे न्यायचा. मला ते आवडणार नाही पण पोरांचे हात उघड्या ढिगात मी परत घालू देणार नाही. गमबूट पाच जोड घेतले.

आणि आज सकाळी बघितलं तर अंडी फुटलीत, तीनही. आज ४ तारीख, म्हंजे १६-१७ च्या आसपास उडतील, झेंडावंदनाच्या दिवशी पिल्लं अजून आतच असणार. स्पीकर आणि खुर्च्या त्या बाजूला लावू नका म्हणून मांडववाल्याला आत्ताच सांगून आलोय.